चुन्याचं पाणी आणि तापाची गोळी

बाबांचे डोळे पिवळे झाले तेव्हा मी चौथीत होते. बाबा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी होते. आमची स्वतःची बोट कधीच नव्हती. अंधेरीच्या पश्चिमेला, खाडीच्या तोंडाशी आमचा कोळीवाडा. तिथे तेव्हा कावीळ म्हटलं की डॉक्टर आठवायचा नाही, मागच्या गल्लीतली एक म्हातारी आठवायची. ती कावीळ उतरवायची.

पितळेच्या परातीवर बाबांचे हात धरायची, कोपरापर्यंत कसलासा रस चोळायची, वरून चुन्याचं पाणी ओतायची आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटत राहायची. परातीतलं पाणी पिवळंधमक व्हायचं. बगा, किती उतरली, असं ती म्हणाली की दारात जमलेल्या बाया माना डोलवायच्या. पाण्याचा तांब्या माझ्या हातात असायचा. सात दिवस पाणी पिवळं होत राहिलं आणि बाबाही पिवळे होत राहिले. आठव्या दिवशी ते आईलाही ओळखेनात, तेव्हा त्यांना हॉस्पिटलात नेलं. तिथून ते घरी आले नाहीत. डॉक्टरांनी आईला एवढंच विचारलं, इतके दिवस काय करत होता? मला तो प्रश्न कायमचा चिकटला.

तेरावं झाल्यावर आईनं पाटी उचलली. त्याआधी ती फक्त मासळी निवडायला जायची. आता पहाटे धक्क्यावरून माल घ्यायचा, डोक्यावर पाटी घेऊन सोसायट्यांमधून फिरायचं, चार मजले चढायचे, "आज नको" ऐकून चार मजले उतरायचे. आमची खोली एवढीशी, वर माळ्यावर सुका बोंबील, खाली आम्ही दोघी. माझ्या युनिफॉर्मला वास यायचा म्हणून शाळेत बाकावर माझ्या शेजारी बसायला मुली टाळाटाळ करायच्या. जे विकलं जायचं नाही तेच आमचं जेवण. मांदेली, निवटी, कधी डोकी नि शेपट्या. त्या वयात मला त्याची लाज वाटायची. आज कळतं, पोटाला तेवढं एकच चांगलं मिळत होतं.

आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. मी बी.एस्सी. झाले, बायोकेमिस्ट्री घेऊन, फर्स्ट क्लासात. हे सांगते तेव्हा लोकांना वाटतं मी मिरवते. मिरवतेच. जिनं मिरवायला हवं होतं ती पाटी घेऊन जिने चढत होती, तर तिच्या वाटचंही मीच मिरवते. पहिल्या वर्षी कोणीतरी सांगितलं की ती म्हातारी जो रस चोळायची तो आंब्याच्या सालीचा असणार आणि त्यावर चुना पडला की पाणी पिवळं होतंच. मी घरी स्वतःच्या धडधाकट हातांवर करून पाहिलं. परात पिवळी झाली. आई बघत होती. ती उठली आणि बाहेर जाऊन बसली. मला तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं होतं. आपण नवऱ्याला सात दिवस कोणाच्या हाती दिलं होतं, हे मी तिला करून दाखवलं, असं तिला वाटलं असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेत ग्लुटाथायोनवर प्रश्न आला होता. नाव अवघड आहे, गोष्ट सोपी आहे. आपण खातो त्या मासळी-अंडी-डाळीतून मिळणारे तीन छोटे तुकडे जोडून शरीर ते स्वतः बनवतं. सगळ्या पेशींत असतं, पण यकृतात सगळ्यात जास्त, कारण शरीरातलं विष निस्तरायचं काम तिथे चालतं. एखादं जहाल द्रव्य तयार झालं की ग्लुटाथायोन त्याला जाऊन धरतं, निरुपद्रवी करतं आणि बाहेर काढायची वाट करून देतं. या कामात ते स्वतः खर्ची पडतं, म्हणून शरीराला ते सतत नव्यानं बनवावं लागतं. वय झालं की ते बनणं मंदावतं. दारूनं कमी होतं, लांबलेल्या आजारानं कमी होतं, आणि उपाशी राहिल्यावर तर होतंच, कारण बनवायला लागणारं सामानच पोटात जात नाही. साधी तापाची गोळीसुद्धा यकृतातून जाताना थोडं विष मागे सोडते. एरवी ग्लुटाथायोन ते सहज आवरतं. ते अपुरं पडलं तर ते विष यकृतालाच खातं.

हे सगळं मी अडीच पानं लिहिलं होतं, आकृतीसकट. पैकीच्या पैकी मार्क पडले असणार.

मग अंधेरी पूर्वेला एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी लागली. आईनं माझी पदवी फ्रेम करून मिठाच्या पिंपावर, भिंतीला टांगली. तोवर तिला बाजारात ओट्यावर जागा मिळाली होती, पण पाटीनं तिचे गुडघे आणि मान कायमची धरली होती. ती मेडिकलमधून कसल्या कसल्या गोळ्या आणायची. मी म्हटलं, त्या पोट जाळतात, त्या घेऊ नकोस, ही साधी तापाची गोळी घे. दुखण्यावरही चालते, पोटाला त्रास नाही. दिवसाला चार घेतल्या तरी काही होत नाही. मी डबा भरून पाकिटं आणून ठेवली.

माझं सांगणं चूक नव्हतं. पण मी तिला आणखी काय काय घेतेस ते विचारलं नाही. तिची मेडिकलची सांधेदुखीची गोळी चालूच होती, बर्फात हात घालून सर्दी व्हायची म्हणून सर्दीचीही चालू होती. तीन गोळ्या, तीन रंग, आणि तिन्हींत माझ्या तापाच्या गोळीतलंच औषध. आईला वाचता येत नव्हतं. मला येत होतं.

शिवाय ती ती पाकिटं बाजारात वाटायची. माझी पोरगी औषधातली शिकलेली हाय, असं सांगून. शेजारच्या ओट्यावर एक मावशी बसायची, नात्यातली नव्हे, पण आईची जिवाभावाची. तिच्या कमरेच्या पिशवीत सुट्ट्या नाण्यांबरोबर माझ्या गोळ्यांचं पाकीट असायचं. मी बाजारातून गेले की बाया हाका मारायच्या, "डॉक्टरीणबाय, माझ्या कंबरेला काय देशील?" मी डॉक्टर नाही हे मी कधी सांगितलं, कधी नाही सांगितलं.

त्या वर्षी मला एक स्थळ आलं. मुलगा बँकेत, घर बोरिवलीला. बघून गेल्यावर त्यांच्याकडून कळलं की मुलगी हुशार आहे, रंग तेवढा जरा. पूर्ण वाक्य कोणी बोललं नाही. लिंक रोडवर एक स्किन क्लिनिक होतं. रंग उजळायला तिथे सलाईनमधून ग्लुटाथायोन देत. मी ते नाव काचेवर वाचलं आणि हसले; परीक्षेतली जुनी ओळख. त्यानं गोरेपण येतं याला धड पुरावा नाही आणि असं शिरेतून घेणं धोक्याचं आहे, हे मला माहीत होतं. तरी गेले. आठवड्यातून एकदा, ऑफिसातून परस्पर.

घटस्थापनेच्या आदल्या संध्याकाळी आई कोयता धुवत बसली होती. माझ्या हातावरची पट्टी तिनं पाहिली.

"सुई कसली मारून आयलीस?"

मी नाव सांगितलं.

"त्यानं काय होतं?"

"रंग उजळतो."

"रंगाला काय झालंय? माझाच तं हाय." मग कोयता पुसत म्हणाली, "आनि आपल्या अंगात नसतं काय ते?"

आजवर मला कोणी इतका नेमका प्रश्न विचारलेला नाही, ना लॅबमध्ये, ना मुलाखतीत. उत्तर माझ्या तोंडपाठ होतं. मी म्हटलं, "असतं गं. जाऊ दे, तुला नाही कळणार."

"सांग तं खरी. रोज मासलीचं पोट फाडते मी. पित्ताची पिशवी कुठं असते, ती फुटली की मासली कशी कडू होते, मना सगलं कलतं."

मी मोबाईल बघत होते. नंतर सांगते, म्हटलं.

ते नंतर कधी आलंच नाही. तेव्हा सांगितलं असतं की ते खाण्यातून बनतं, उपासात आटतं, वयानं कमी होतं आणि गोळ्यांचं विष तेच धरतं, तर आई गप्प बसणारी बाई नव्हती. तिनं विचारलंच असतं, मग मी उपास करते नि गोळ्या खाते, माझं काय? तो प्रश्न तिला सुचला असता. मला तो सुचला नाही, कारण माझ्या डोक्यात ग्लुटाथायोन परीक्षेच्या कागदावर होतं नाहीतर माझ्या कातडीवर होतं. समोर बसलेल्या बाईच्या पोटात ते मला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी घट बसले. आईचा नवरात्राचा उपास कडक. दिवसभर नुसता काळा चहा, संध्याकाळी एक केळं. ओट्यावर बसून सुरमई कापायची, लोकांना ताजी कशी आहे ते पटवायचं आणि स्वतः नऊ दिवस त्याला शिवायचं नाही. उपासानं अंग दुखायचं, म्हणून गोळ्या. डोकं धरायचं, म्हणून गोळ्या. गोळी उपासाला चालते, असा बायांचा हिशेब. ती काही अन्न नव्हे.

सातव्या दिवशी तिला उलट्या सुरू झाल्या. पित्त झालंय, म्हणाली. अंग कणकणत होतं, तर तापाची म्हणून मी माझ्या हातानं तिला आणखी एक गोळी दिली, पाण्याचा पेला धरून. हे मी लिहून ठेवते, कारण बोलताना हे मी बरेचदा गाळते.

नवव्या दिवशी सकाळी ती घटासमोर बसली होती आणि दाराच्या उजेडात तिचे डोळे पिवळे दिसले.

मावशी धावत आली. तिनं बघितलं आणि मागच्या गल्लीकडे हात केला. ती म्हातारी गेली होती, पण आता तिची सून कावीळ उतरवायची. मी मावशीवर ओरडले. "अडाणी ते अडाणीच राहणार तुम्ही," असं म्हटलं. रिक्षात बसेपर्यंत मला वाटत होतं, मी शिकले ते याच दिवसासाठी.

हॉस्पिटलात डॉक्टर माझ्याच वयाची मुलगी होती. तिनं रक्त काढलं, पोट दाबून पाहिलं आणि कोणत्या गोळ्या घेता ते विचारलं. आईनं कमरेची पिशवी तिच्या हातावर उलटी केली. तिन्ही रंगांची पाकिटं निघाली. डॉक्टरनं एकेका पाकिटामागचं बारीक अक्षर वाचलं. मी तिच्या खांद्यावरून वाचलं. तेव्हा पहिल्यांदा वाचलं.

"किती दिवस उपाशी आहेत?" तिनं विचारलं. मग आईकडे वळून म्हणाली, "या गोळ्या तुम्हाला कोणी दिल्या?"

आईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मेडिकलवाल्यानं."

"सगळ्या?"

"सगल्या."

मी तिथेच उभी होते. कंपनीचं कार्ड गळ्यात होतं, ते मी ओढणीखाली सारलं. डॉक्टरनं मला विचारलं, तुम्ही काय करता? मी म्हटलं, नोकरी. कुठे, कसली, काही नाही. नुसतं नोकरी. आयुष्यात पहिल्यांदा मी माझी पदवी लपवली.

मग ती मला समजावू लागली, सोप्या शब्दांत, जसं अडाणी नातेवाइकाला समजावतात. उपासानं यकृतातला एक पदार्थ कमी होतो, वय झालं की तो तसाही कमी असतो, त्यात गोळ्यांचा डोस जास्त झाला. आता आम्ही औषध देतो, त्यातून शरीर तो पदार्थ पुन्हा बनवेल. मी मान हलवत राहिले. माझीच अडीच पानं ती मला वाचून दाखवत होती.

आधी सलाईनमधून औषध चाललं, नंतर पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या आल्या. त्यात गंधक असतं, त्याला सडक्या अंड्यासारखा वास मारतो. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं नाकाला पदर लावला. आईनं पेला नाकाशी नेला आणि तिला म्हणाली, "बाय, सुक्या बोंबलाच्या घरात जल्मलेय मी, पन याच्यापुढे हात टेकले." आणि एका दमात प्यायली. दोघी हसल्या. त्या हसण्यात मी सामील झाले नाही. शिरेतून ग्लुटाथायोन घ्यायला मी आठवड्यातून एकदा लिंक रोडला जात होते आणि इथे आई त्याच रसायनासाठी पेले रिचवत होती. क्लिनिकमध्ये मी पुन्हा गेले नाही. स्थळाचा नकार त्याच आठवड्यात आला. मला वाईटही वाटलं नाही.

आई वाचली. यकृत पुन्हा भरून येतं, तिचं आलं. पण पूर्वीची ताकद आली नाही. डोक्यावरची पाटी कायमची उतरली, ओट्यावरही ती अर्धा दिवसच बसू लागली. घरी आम्ही त्याबद्दल बोललो नाही. एकदा मी सुरुवात केली, की आय, त्या गोळ्या मीच. तिनं मध्येच तोडलं. जेवायला वाढ, म्हणाली. बाजारात तिनं सगळ्यांना मेडिकलवाल्याचंच सांगितलं होतं. मी ते चालू दिलं. वर्षभर चालू दिलं. तिच्या डोक्यावरून पाटी उतरली आणि तिच्याच खोट्यानं माझी इज्जत शाबूत राहिली, असं ते वर्ष.

पुढच्या वर्षी पितृपक्ष संपत आला तेव्हा मी बाजारात गेले होते. मावशी मान धरून बसली होती. मला बघून तिनं कमरेची पिशवी उघडली, एक जुनं पाकीट काढलं, त्यातली गोळी तोंडात टाकली. ती माझीच पाकिटं होती, आईनं कधीतरी दिलेली.

मी विचारलं, नवरात्रात पण घेणार?

"घेनार तं काय. उपासाला ह्याच्याशिवाय जमतंय?"

"मावशी, आईचं काय झालं बघितलंस ना."

"ती मेडिकलवाल्याची होती गं. ही तुझ्या हातची हाय. तुझ्यावर भरवसा हाय म्हनून तं मेडिकलची सोडून हीच घेते."

आई दोन हातांच्या अंतरावर बसून मांदेली साफ करत होती. तिचा हात थांबला.

तेव्हा मला कळलं की आईनं मला झाकायला जे सांगितलं ते मावशीनं नीट ऐकलं होतं आणि त्यातून बरोबर तेवढंच घेतलं होतं, जेवढं तिचा जीव घेईल. मला पुन्हा ती परात दिसली. सात दिवस मान डोलवणाऱ्या बाया दिसल्या आणि तांब्या धरून उभी असलेली मी. त्या म्हातारीला आपण काय करतोय ते तरी माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "मावशी, ती गोळी मेडिकलवाल्यानं दिली नव्हती. मी दिली होती. आईचं यकृत माझ्या गोळ्यांनी गेलं."

पलीकडच्या एकीनं कोयता खाली ठेवला आणि म्हणाली, "मग वर्षभर तोंडात काय बोंबील धरलेलास?" दुसरी म्हणाली, एवढं शिकून आईलाच मारायला निघाली होती. गेल्या वर्षी मी मावशीला अडाणी म्हटलं होतं ते तिच्या लक्षात होतं, आणि ती ते आता परत देऊ शकत होती. तिनं दिलं नाही. नुसतं पाकीट माझ्यापुढे धरून म्हणाली, "मग आता नीट सांग."

मी ओट्याच्या कडेला बसले आणि सांगितलं. जे आईला सांगायचं राहून गेलं होतं तेच. पोटात मासळी-अंडी-डाळ जाते त्यातून काय बनतं, ते कुठे असतं, उपासात ते का आटतं, पन्नाशी-साठीनंतर का कमी होतं, घरातला दारू पिणारा पुरुष ही गोळी घेतो तेव्हा काय होतं. वेगवेगळ्या रंगांच्या गोळ्यांत एकच औषध कसं असतं, आणि म्हणून पाकीट कोणाला तरी वाचायला लावा, डॉक्टरला सगळी पाकिटं दाखवा. नाव कोणाला उच्चारता आलं नाही, पण बाकी सगळं कळलं. माशाचं उदाहरण देताना पित्ताच्या पिशवीपाशी मी अडखळले तेव्हा आईनंच एक बांगडा फाडून यकृत कुठे असतं ते बोटानं दाखवलं.

घरी येताना मी तिला विचारलं, तू तेव्हा मेडिकलवाल्याचं का सांगितलंस?

ती पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाली, "तुझी नोकरी गेली असती तं?" थोडं चालून झाल्यावर पुढे म्हणाली, "आनि त्या सुईचं मी तुला विचारलेलं. तू सांगितलं नाय."

मी तिच्या हातातली पिशवी घेतली. बाबांच्या वेळच्या डॉक्टरांच्या प्रश्नाशेजारी आता हाही मला चिकटला आहे. पदवी अजून मिठाच्या पिंपावर टांगलेली आहे. ती उतरवू, असं मी दोनदा म्हटलं. आई ऐकत नाही.

त्या बाजारात आज बावीस बाया बसतात. नवरात्र त्या सगळ्या धरतात, पण आता दूध आणि शेंगदाणे घेऊन धरतात, आणि उपाशी पोटी गोळ्यांवर दिवस काढणारी त्यांच्यात एकही नाही. ती गोळी कोणी दिली होती, हे त्या बावीसही जणींना माहीत आहे.